स्थिती : उपलब्ध

माझ्या टेबलावर स्पिरिटची बाटली असते आणि तिच्याशेजारी कापसाचा पुडा. ग्रंथालयात काम करणाऱ्या बाईच्या टेबलावर फुलदाणी असावी असं लोकांना वाटतं. वाटू दे. लोक पुस्तकं कशी वाचतात ते मला ठाऊक आहे. जेवता जेवता वाचतात, नाक पुसत वाचतात, बोटाला थुंकी लावून पान उलटतात आणि तीच पानं मग माझ्यासमोर येऊन पडतात. एकदा एका व्याकरणाच्या पुस्तकात खूण म्हणून घातलेली, जखमेवरून काढलेली पट्टी निघाली. त्या दिवशी मी कानाला खडा लावला. पुस्तक हाताळलं की हात पुसायचे. हसणारे हसतात.

मी खरेदी विभागात आहे. विभाग म्हणजे मी, एक संगणक, आणि ज्याच्या फटींत माझ्याआधीच्या कारकुनाच्या बिस्किटांचा चुरा अजून अडकलेला आहे असा एक कीबोर्ड. परदेशी भाषांतली पुस्तकं मागवणं हे माझं काम, आणि त्यातही स्पॅनिश, कारण ती मला वाचता येते. ती मला आत्याने शिकवली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आमच्याच कॉलेजात तिने तीस वर्षं स्पॅनिश शिकवलं. माझी आई लवकर गेली आणि मला वाढवलं तेही तिनेच. लहानपणी माझ्या पायांना गळवं यायची. आत्या ती कोमट पाण्याने धुवायची, पू टिपून घ्यायची, आणि मी स्वतःच्याच पायाकडे बघून तोंड फिरवायचे. तेव्हापासून तिने माझं नाव नाकमुरडी ठेवलं. पंचेचाळीस वर्षांची झाले तरी ते सुटलं नाही.

आता त्या कोशाबद्दल सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. स्पॅनिशमध्ये छापलेली आणि सध्या विकत मिळणारी सगळी पुस्तकं एका मोठ्या कोशात नोंदलेली आहेत. पूर्वी तो तबकडीवर यायचा, आता इंटरनेटवर आहे. वर्गणी भरली की संकेतशब्द मिळतो. वर एक लांबट चौकट असते. तिच्यात लेखकाचं नाव टाका, शीर्षकातला एखादा शब्द टाका, काहीच आठवत नसेल तर विषय आणि साल टाका. दोन-चार सेकंदांत नोंद समोर येते : लेखक, पानं, साल, आकार, प्रकाशक. आणि सगळ्यात खाली हिरव्या अक्षरांत एक ओळ. स्थिती : उपलब्ध.

मला आता त्या हिरव्या रंगाचीही शिसारी येते. पण तेव्हा तो कोश मला आवडायचा. एकतर त्याला वास नव्हता. दुसरं म्हणजे त्यातली खोच मी स्वतः शोधून काढली होती. पुस्तक संपलं की ते संपल्याचं प्रकाशकाने कळवायचं असतं. त्याने कळवलं नाही तर कोश ते उपलब्धच धरतो. आणि बुडालेला प्रकाशक कळवणार कुठून? मेलेला माणूस काही स्वतःच्या मृत्यूचा दाखला काढायला जात नाही. त्यामुळे कुलूप लागलेल्या दुकानांची पुस्तकं तिथे वर्षानुवर्षं हिरवीगार. पहिल्या दोन वर्षांत मी अशी चाळीसेक पुस्तकं मागवली आणि तोंडावर आपटले. मग युक्ती सापडली. नोंदीत प्रकाशकाचं नाव निळ्या अक्षरांत असतं. ते दाबलं की त्याची सगळी पुस्तकं सालवार उघडतात. शेवटचं साल बघायचं. मागच्या दोन-तीन वर्षांतलं असलं तर प्रकाशक जिवंत. दहा वर्षांत नवं काहीच नसलं तर हात जोडायचे.

आत्याला ही युक्ती सांगितली तेव्हा ती खूश झाली.

"म्हणजे तू नाडी बघतेस," ती म्हणाली.

"बघावी लागते. नाहीतर तो कोश मढ्यालाही ठणठणीत म्हणतो."

"शाबास गं नाकमुरडे. काहीतरी हातात धरून बघायला लागलीस म्हणायची."

निवृत्त झाल्यावर आत्याने एक काम अंगावर घेतलं होतं. आमच्या स्पॅनिशच्या दालनात एक कादंबरी होती. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा लहान गावातल्या शाळामास्तरणीने लिहिलेली, तिथल्याच एका छापखान्याने काढलेली. मिठागरात राबणाऱ्या तीन बहिणींची गोष्ट. एक भाषासंस्था बंद पडली तेव्हा तिची पुस्तकं आमच्याकडे आली, त्यात ती होती. आत्या ती आपल्या भाषेत आणत होती. निवृत्तांना पुस्तक घरी नेता येत नाही, म्हणून ती रोज दुपारी दालनात येऊन बसायची, भिंग घेऊन. आठ वर्षं. सतरा प्रकरणांपैकी पंधरा झाली होती, पंधरा वह्यांत, प्रत्येक वहीला तपकिरी कागदाचं कव्हर. मी विचारायचे, एवढा जीव कशाला काढतेस? ती म्हणायची, "त्या बाईने एकच पुस्तक लिहिलं आणि गेली. कुणीतरी वाचलं, एवढं तरी तिला कळू दे."

मग तिचे डोळे बिघडले. डॉक्टरांनी डाव्या डोळ्याची आशा सोडायला सांगितली आणि उजव्याच्या पडद्याचं ऑपरेशन ठरवलं. त्यानंतर दोन महिने वाचायचं नाही. पुढे वर्षभर, फार तर दीड वर्ष अक्षरं दिसतील, मग सांगता येत नाही, असं ते म्हणाले. आत्याने हिशेब लगेच मांडला : दोन प्रकरणं, चार महिने, मग डोळा गेला तरी चालेल. डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, म्हातारी विनोद करतेय.

ऑपरेशनच्या आधी ती शेवटची दालनात आली, त्या दिवशी संध्याकाळी माझ्या टेबलापाशी थांबली.

"माझं पुस्तक जागेवर ठेवलंय. लक्ष ठेव हं. आणि आत मी जरा घाण करून ठेवलीय, पेन्सिलीने. रागावू नकोस."

"ग्रंथालयाच्या पुस्तकात? आत्या, तू? शिक्षिका असून?"

"खोडरबराने जाईल गं. आणि ते झेरॉक्सचं तेवढं बघ ना. कितीदा सांगितलं."

दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा मी हो म्हटलं होतं. त्या पुस्तकाची एकेक ओंगळ पानं काचेवर पालथी घालायची, हाताने दाबायची, या कल्पनेनेच मला मळमळायचं. हो हो, बघते, म्हणाले.

आमच्या मुख्य ग्रंथपालांना सगळे मागून किल्लीसाहेब म्हणतात. ते गाडीच्या किल्लीने कान कोरतात. मग किल्लीचं टोक उजेडात धरून काय निघालं ते बघतात. आणि त्याच किल्लीने टपालाची पाकिटं फोडून पत्रं आपल्या हातात देतात. आत्याच्या ऑपरेशनला आठवडाही झाला नव्हता, तोच त्यांनी मला बोलावलं.

"स्पॅनिशचं दालन मोकळं करायचं. सोफे टाकायचेत. मुलांना जरा ऐसपैस बसता आलं पाहिजे."

"आणि पुस्तकं?"

"बाजारात जे मिळतं ते इथे कुजवत ठेवायचं कशाला? लागेल तेव्हा मागवू. तुमच्या त्या कोशात टाका. उपलब्ध म्हणाला की काढा, लगद्याला पाठवा. नाही म्हणाला की ठेवा. सोपं आहे."

"साहेब, कोश उपलब्ध म्हणतो याचा अर्थ—"

"मॅडम, मग आपण वर्गणी कशाची भरतो?" म्हणाले, आणि किल्ली कानात गेली.

मी बाहेर आले आणि हात पुसले. त्यांना हातही लावला नव्हता, तरी पुसले. पालथ्या घड्यावर पाणी, पण निदान काम माझ्याच हाती आहे ना, असं मनाला समजावलं. आपण नीट करू. दालनात चार हजार एकशे बारा पुस्तकं होती. सहा आठवडे मी रोज हातमोजे घालून गाडीवर पुस्तकं आणली, एकेक शीर्षक कोशात टाकलं, हिरवी ओळ बघितली आणि तिच्यावर विश्वास न ठेवता निळं नाव दाबलं. प्रकाशक जिवंत निघाला तर पुस्तकाला काट. मेलेला निघाला तर पुठ्ठ्यावर लाल चिकटपट्टी, आणि पुस्तक परत फळीवर. तेराशेच्या वर पुस्तकं मी अशी वाचवली. किल्लीसाहेबांना वाटत होतं, कोश आपलं ऐकतोय. मी मनातल्या मनात त्यांना टोपी घालत होते आणि स्वतःवर बेहद्द खूश होते.

दुसऱ्याच आठवड्यात आत्याचं पुस्तक गाडीवर आलं.

ते तळाच्या फळीवर असायचं, जिच्यामागे मोरीची भिंत आहे. भिंत बारमाही ओली. पुस्तकाची पाठ उसवलेली, पुठ्ठ्यावर करडी बुरशी, आणि वास असा की हातमोज्यातूनही हाताला लागावा. पानांचे खालचे कोपरे बोटं लावून लावून काळपट, कडक झालेले. आठ वर्षं आत्याने थुंकी लावून ती पानं उलटली होती. माझी सख्खी आत्या असली तरी थुंकी ती थुंकीच. मी दोन बोटांत धरून ते मागच्या बाजूने उघडलं. समासात वरपासून खालपर्यंत, ओळींच्या मध्ये, कोपऱ्यांत वळसे घेत, नुसती पेन्सिल. मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखी. मी लगेच मिटलं. एका अक्षरावरही नजर ठरवली नाही.

शीर्षक कोशात टाकलं. एकच नोंद आली. स्थिती : उपलब्ध. खाली छापखान्याचं नाव, निळं. माझं बोट माऊसवरच होतं. तेवढ्यात पुस्तकाच्या फाटक्या पाठीतून कसरीचा एक चकचकीत किडा बाहेर आला आणि सरसर माझ्या यादीवरून मनगटाकडे निघाला. मी ओरडले. शेजारच्या टेबलावरची टंकलेखिका उठून उभी राहिली. मी ते पुस्तक खालच्या कागदासकट ढकललं ते थेट काढायच्या ढिगावर, आणि यादीत काट मारली. मग दोन्ही हात कोपरापर्यंत पुसले.

पुसता पुसता एक छान विचार आला. खरंच छान वाटला तो मला. आत्याची पट्टी सुटेल तेव्हा हे असलं लक्तर तिच्या डोळ्यांसमोर कशाला? नवी कोरी प्रत मागवूया. स्वच्छ, पांढरी पानं, ठळक अक्षरं. तिला घरीच नेऊन देऊ, माझ्याकडून भेट. मी तिथल्या तिथे पुस्तक पुरवणाऱ्या एजंटाकडे मागणी नोंदवली. दिवसभर मला आपण फार मायाळू आहोत असं वाटत होतं.

पाच आठवड्यांनी एजंटाचं उत्तर आलं. त्या खेपेच्या माझ्या आठ मागण्यांपैकी सात पुस्तकं निघाली होती. आठवीपुढे लिहिलं होतं : कोशात उपलब्ध दिसते, परंतु प्रकाशकाशी संपर्क होत नाही, कृपया आपण थेट चौकशी करावी.

मी नोंद उघडली आणि निळं नाव दाबलं. त्या छापखान्याची एकूण सात पुस्तकं होती. शेवटचं तेवीस वर्षांपूर्वीचं. हे बघायला मला सहा सेकंद लागले. मी नंतर मुद्दाम घड्याळ लावून मोजले. चार हजार एकशे बारांपैकी चार हजार एकशे अकरा पुस्तकांची नाडी मी बघितली होती.

तशीच उठून खाली गेले. पोती गेलेली होती. गावाबाहेर रद्दीचं गोदाम आहे, तिथे दोन खेपांत गेली होती. मी रिक्षा केली.

गोदामवाला भला माणूस होता. म्हणाला, "पहिली खेप गेली बाई कारखान्यात, दहा-बारा दिवस झाले. आतापावेतो लगदा होऊन पुठ्ठेही निघाले असतील. दुसरी आहे, ती बघा. पण हातमोजे घ्या. उंदीर आहेत."

हातमोजे मी घाईत आणले नव्हते, आणि त्याच्याकडचे आधीच कुणीतरी घातलेले होते. त्या ढिगात फक्त आमची पोती नव्हती. दुधाच्या आंबलेल्या पिशव्या होत्या, दवाखान्यातले कागद होते, सडकी सालं होती, आणि काहीतरी मऊ होतं, त्याकडे मी बघितलं नाही. मी कोपरापर्यंत हात घातले. आमची पोती फोडली, एकेक पुस्तक काढलं, पाठ बघितली, बाजूला टाकलं. शब्दकोशाचा दुसरा खंड सापडला, मत्स्यशेतीची तीन पुस्तकं सापडली, कुणाची तरी नोंदवही सापडली. चार तास गेले. मिठागरातल्या बहिणी पहिल्या खेपेतच गेल्या होत्या.

गोदामवाल्याने नळ दाखवला, साबणाची वडी दिली. त्या दिवशी मी हात धुतले नाहीत असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण धुतले. चार वेळा. आणि घरी जाऊन पुन्हा.

पुढच्या आठवड्यात मी करायचं ते सगळं केलं. छापखान्याच्या जुन्या नंबरावर फोन लावला, तिथे आता टायरचं दुकान आहे. दुकानदार गोड बोलला. छापखाना त्याने आजोबांच्या तोंडून ऐकला होता. तिकडच्या अकरा ग्रंथालयांना ईमेल पाठवले. नऊ म्हणाली, नाही. एक म्हणालं, यादीत आहे पण फळीवर नाही. एकाने उत्तरच दिलं नाही. जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांना विचारलं, त्या शाळामास्तरणीच्या गावच्या नगरपालिकेला विचारलं. ज्या भाषेत आत्याने मला समुद्र, मीठ, बहीण हे शब्द शिकवले, त्याच भाषेत मी गयावया करत होते.

कोशवाल्यांनाही लिहिलं. त्यांचा तक्रारीचा छापील तक्ता असतो. मी भरला : सदर प्रकाशक तेवीस वर्षांपूर्वी बंद पडला असून पुस्तक कुठेही मिळत नाही, तरी स्थिती दुरुस्त करावी. दोन दिवसांत उत्तर आलं. नोंदीतला बदल फक्त संबंधित प्रकाशकाच्या विनंतीवरूनच करता येतो. खाली विचारलं होतं, आमच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का.

शेवटी किल्लीसाहेबांकडे गेले. दालनात सोफे आले होते. एकावर कुणीतरी बुटांसकट झोपलं होतं.

"साहेब, त्या पुस्तकांत एक चुकून गेलं. ते आता मिळत नाही."

"कोश काय म्हणतो?"

"उपलब्ध."

"मग झालं तर! कागदावर आपण बरोबर आहोत." त्यांनी किल्लीचं टोक उजेडात धरलं. "तुम्ही फार मनाला लावून घेता मॅडम."

मला त्या माणसाच्या तोंडावर ओकावंसं वाटलं. दारापर्यंत येईस्तोवर तसंच वाटत होतं. पण त्यांची किळस करणं फार सोपं आहे, ती आमच्याकडे शिपायापासून सगळ्यांनाच येते. त्यांनी सांगितलेलं मी एकदाच जसंच्या तसं केलं होतं. कोश उपलब्ध म्हणाला की काढा. चार हजार एकशे बारांत एकदाच मी त्यांच्यासारखी वागले होते, आणि तेही त्यांच्या भीतीने नव्हे. एका किड्यापायी. काट माझी, खालची सही माझी. त्यानंतर मला स्वतःच्या नाजूक नाकाची अशी घाण वाटायला लागली की आरशासमोर उभं राहवेना.

आत्याची पट्टी सुटली होती. शनिवारी दुपारी मी तिच्याकडे गेले. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीला लागून टेबल. टेबलावर पंधरा वह्यांचा गठ्ठा, त्याच्याशेजारी दोन कोऱ्या वह्या, कव्हरं घालून तयार. पेन्सिलींना टोकं केलेली. चहाचा कप तिने माझ्यासाठी उकळत्या पाण्याने विसळून ठेवला होता, नेहमीसारखा. माझे नखरे तिने कधी नखरे मानले नाहीत.

"ये गं. जवळ ये, बघू दे." तिने माझा हात धरून मला खिडकीपाशी ओढलं. "अगंबाई, केस पांढरे झाले की तुझे! दोन महिन्यांत झाले की मलाच आधी दिसत नव्हते?"

"आत्या, बस जरा."

"बसायचंच आहे. सोमवारपासून दालनात बसते. डॉक्टर म्हणाले रोज दोन तास. दोन तासांत पान होईल ना? होईल."

तिने माझा हात सोडला नव्हता. तिचा हात गरम आणि कोरडा होता. मी सांगायला सुरुवात केली. सोफ्यांपासून केली. किल्लीसाहेब काय म्हणाले, यादी किती मोठी होती, तेराशे पुस्तकं कशी वाचवली. माणूस आधी स्वतःची बाजू मांडतो, मीही तेच केलं. ती मान डोलवत ऐकत होती. तेराशेला तिने माझा हात दाबला.

"आणि तुझं पुस्तक गेलं," मी म्हणाले.

"कुठे गेलं?"

"लगद्याला. मला वाटलं, नवीन मिळेल. कोशात उपलब्ध होतं."

खालून कुणीतरी जिना चढत होतं, त्याची पावलं वरच्या मजल्यावर जाईपर्यंत आम्ही दोघी ऐकत राहिलो.

"तो छापखाना जुना होता गं," आत्या म्हणाली. "तू नाडी बघितली नाहीस?"

"नाही."

"सगळ्यांची बघितलीस म्हणालीस ना आत्ता?"

"सगळ्यांची बघितली."

"मग?"

इथे मला काहीही सांगता आलं असतं. लाइट गेली होती, नेट बंद होतं, साहेबांनी घाई केली. सगळं तोंडाशी आलं होतं.

"पुस्तकाची किळस आली," मी म्हणाले. "त्यातून किडा निघाला. पानांना... पानं ओंगळ झाली होती. आत सगळी पेन्सिल. मला ते हातात धरवेना."

"वाचलंस का काय लिहिलं होतं ते?"

"नाही."

"एक ओळ?"

"नाही आत्या."

ती वर्गात समजावून सांगावं तसं, शांतपणे बोलली.

"शेवटच्या दोन प्रकरणांचा कच्चा खर्डा होता तो. आपल्या भाषेतला. ऑपरेशनच्या आधी पंधरा दिवस बसून समासातच करून टाकला. म्हटलं, डोळा गेलाच, तर मूळही समोर आणि खर्डाही समोर. नाकमुरडी वाचून दाखवेल, मी तोंडी सांगेन, ती उतरवून घेईल." मग ती म्हणाली, "आपण दोघींनी मिळून केलं असतं."

मी काहीतरी म्हणाले. काय ते आठवत नाही. बहुतेक, आत्या, तुला गोष्ट तर आठवत असेल, असलंच काहीतरी.

"गोष्ट आठवते," ती म्हणाली. "गोष्ट कुणालाही आठवते. वाक्यं तिची होती."

मग तिने माझा हात सोडला. झटकला वगैरे नाही, टेबलावर अलगद ठेवून दिला.

"तुझी ती बाटली आहे का पर्समध्ये?"

मला वाटलं, तिला माझी दया आली. मला हात पुसायचे असतील, तिच्या घरात सुचत नसेल, म्हणून ती विचारतेय. ती तशीच आहे. मी बाटली काढली, कापूस काढला. तिने दोन्ही माझ्याकडून घेतलं. एका डोळ्याने तिला बाटलीचं तोंड नीट दिसत नव्हतं, थोडं स्पिरिट कोऱ्या वहीवर सांडलं. मग तिने ज्या हातात माझा हात धरला होता तो हात पुसला. आधी तळवा, मग एकेक बोट, मग बोटांच्या मधली जागा. सावकाश, मन लावून, मी पुसते तसाच.

पुसून झाल्यावर तिने बाटलीला बूच लावलं आणि बाटली माझ्यासमोर ठेवली.